मुक्या जिवांचें नगर

परदेश पाहून आलेला मनुष्य घरीं परतला म्हणजे तो बहुधा उंच इमारती, रुंद रस्ते आणि वेगवान् वाहनें यांचेंच वर्णन करितो. तीं वर्णनें आतां इतकीं झालीं आहेत कीं, वाचकांस त्यांत नवें असें फारसें उरलेलें नाहीं. आम्ही येथें जें सांगणार आहों तें त्याहून पुष्कळ लहान आहे. एखादें शहर आपल्या कुत्र्यामांजरांशीं कसें वागतें, त्यांच्यासाठीं कोणते नियम करितें, आणि त्या व्यवहारांत त्याला काय मिळतें व काय गमवावें लागतें, एवढाच ह्या लेखाचा विषय. विषय लहान खरा. पण ज्या घरांत आजी रोज दारच्या कुत्र्याला भाकरीचा तुकडा टाकते आणि त्याच घरांतील नातवाला शाळेच्या वाटेवर कुत्र्यांच्या टोळीची धास्ती वाटते, त्या घराला तो मुळींच परका नाहीं.

अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत, लॉस एंजल्स ह्या महानगराच्या आग्नेयेस सुमारे ४० मैलांवर, अर्व्हाइन नांवाचें शहर आहे. एके काळीं तेथें एका घराण्याची विस्तीर्ण शेतजमीन व कुरणें होतीं. १९६० च्या सुमारास राज्याच्या विद्यापीठाला नव्या शाखेसाठीं जागा हवी होती. त्या जमिनीच्या मालक कंपनीनें १,००० एकर भूमि एक डॉलर एवढें नाममात्र मोल घेऊन दिली. विल्यम परेरा ह्या वास्तुशास्त्रज्ञानें विद्यापीठाबरोबरच भोंवतालच्या वसाहतीचाही आराखडा आंखला. १९६५ सालीं विद्यापीठ उघडलें, १९७१ सालीं गांवाला स्वतःचा नगरकारभार मिळाला, आणि २०२० च्या शिरगणतींत लोकसंख्या ३ लाखांवर गेली. हें नगर आधीं कागदावर वसलें आणि मग जमिनीवर. त्याचे निरनिराळे भाग ‘गांव’ ह्याच नांवानें ओळखले जातात. वुडब्रिज, नॉर्थवुड, टर्टल रॉक अशा प्रत्येक गांवाला आपली शाळा, आपलीं दुकानें आणि आपलें उद्यान आहे. वुडब्रिजमध्यें दोन तलावही आहेत, आणि ते दोन्ही मनुष्यानें खणलेले आहेत.

ह्या नगरांत आमचा पुतण्या नोकरीनिमित्त पुष्कळ वर्षें राहतो. त्याच्या आग्रहावरून आम्ही उभयतां आणि पुतण्याची आई, म्हणजे आमच्या वहिनी, असे तिघेजण तेथें गेलों व चार महिने राहिलों. घरांत पुतण्या, सूनबाई, नऊ वर्षांची नात, आणि चौथा सभासद म्हणजे बेसनाच्या रंगाचा एक मध्यम चणीचा कुत्रा. रंगावरून नातीनें त्याचें नांव ‘लाडू’ ठेविलें होतें.

वहिनींना सोवळें-ओवळें सांभाळण्याची जन्माची संवय. पहिल्याच दिवशीं त्या दाराशीं थबकल्या व म्हणाल्या, “अरे, हें जनावर घरांत? आणि देव कुठें ठेवले आहेस मग?” पुतण्या हंसून म्हणाला, “आई, स्वयंपाकघराची फरशी जेथें सुरू होते ना, त्या रेघेच्या आंत तो येत नाहीं. देवही त्या बाजूलाच आहेत. तूं चार दिवस पाहा तर खरी.” वहिनींनीं पाहिलें. सकाळीं पोळ्या होत असतांना तो प्राणी रेघेपाशीं पुढचे पाय जुळवून बसे. तोंडाला पाणी सुटे, पण पाऊल पुढें पडत नसे. आठव्या दिवशीं वहिनी आमच्या गृहिणीस म्हणाल्या, “आपल्याकडे माणसांनासुद्धां एवढी मर्यादा ठाऊक नसते. आणि दत्तमहाराजांच्या पायांशीं चार-चार आहेतच कीं!”

परंतु खरी गोष्ट पुढें घडली. वैशाखांतल्या एका सणाला शिरा झाला, आणि वहिनींनीं प्रेमानें त्याचा एक घांस लाडूसाठीं बाजूला काढला. नात धांवत आली. “आजी, नको! त्यांत बेदाणे आहेत.” तेव्हां आम्हांला समजलें कीं, द्राक्षें व बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांस घातक ठरूं शकतात, कांदा व लसूण त्याच्या रक्तास बाधतात, चॉकलेट तर विषच. ही माहिती त्या नऊ वर्षांच्या मुलीला होती. तिच्या शाळेंतल्या इतर मुलांनाही असावी. वहिनी क्षणभर गप्प राहिल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून बिनमिठाच्या लहानशा पोळीचा एक चतकोर त्यांनीं नेमानें काढून ठेविला. दया करावयाची तर ती कोणावर व कशानें करितों हें ठाऊक हवें, हा धडा त्या घरांत कोणीं कोणास शब्दांनीं दिला नाहीं. तो त्या चतकोरानें दिला.

लाडू कोठून आला, हें आम्हीं एकदां विचारलें. तो विकत आणलेला नव्हता. त्या राज्यांत २०१९ पासून प्राण्यांच्या दुकानांस केवळ आश्रयगृहांतून आलेलींच कुत्रीं, मांजरें व ससे ठेवण्याची मोकळीक उरली, आणि २०२१ पासून तर दुकानांतून त्यांची विक्रीच बंद झाली. अर्व्हाइन शहराचें स्वतःचें प्राणि-आश्रयगृह आहे. हरवलेले, सोडून दिलेले, धनी वारल्यामुळें पोरके झालेले प्राणी तेथें येतात. स्वयंसेवक त्यांना फिरवितात, आंघोळ घालतात. फार लहान पिलें कांहीं आठवडे लोकांच्या घरीं सांभाळावयास दिलीं जातात. घेणाऱ्या कुटुंबाची चौकशी होते. घर स्वतःचें कीं भाड्याचें, मुलें केवढीं, दिवसा घरीं कोण असतें, अशीं सारीं स्थळें पाहतांना विचारावीत तशीं प्रश्नोत्तरें होतात. प्राणी घरीं देण्यापूर्वीं त्याची नसबंदी करितात आणि त्याच्या खांद्यांमधील कातडीखालीं तांदुळाच्या दाण्याएवढी एक चकती बसवितात. त्या चकतींत १५ आंकड्यांचा क्रमांक असतो. हरवलेला कुत्रा कोणालाही सांपडला तर यंत्र फिरवून तो क्रमांक वाचतां येतो व त्यावरून धनी शोधतां येतो. तीन महिन्यांवरील प्रत्येक कुत्र्यास रेबीजची लस टोंचविणें कायद्यानें बंधनकारक आहे. त्याशिवाय परवाना काढावा लागतो, आणि नसबंदी केलेल्या कुत्र्यास परवान्याची फी निम्मी किंवा त्याहूनही कमी पडते. पाळीव प्राणी हा तेथें घराचा लाडका असतो तसा सरकारदप्तरींचा एक नोंदलेला जीवही असतो.

सकाळीं सहा वाजल्यापासून त्या नगराचे पाऊलरस्ते जागे होत. तरुण, वृद्ध, गाडींत तान्हें मूल घातलेल्या आया, सारीं आपापल्या कुत्र्यासह बाहेर पडत. कुत्र्याची दोरी सहा फुटांहून लांब असतां कामा नये असा नियम आहे. प्रत्येकाच्या दोरीला लहान पिशव्यांची एक गुंडाळी बांधलेली असे. कुत्र्यानें घाण केली कीं, तो कितीही मोठा अधिकारी असो, खालीं वांकून ती पिशवींत उचलतो व पेटींत टाकतो. विद्यापीठांतला प्राध्यापक, दवाखान्यांतला शल्यवैद्य, आमचा पुतण्या, कोणीही ह्यास अपवाद नव्हता. आम्ही जन्मानें व संस्कारानें ज्या समाजांतले, त्या समाजांत हें काम पिढ्यान् पिढ्या दुसऱ्या कोणाच्या तरी माथीं मारलें गेलें. तेथें तें प्रेमाचाच एक भाग समजतात. ज्याला जीव लावावयाचा त्याची घाणही आपलीच, हें त्या वांकण्यांत स्पष्ट दिसे, आणि आमच्या मतें त्या सगळ्या नगरांत पाहण्यासारखें याहून मोठें दृश्य नव्हतें.

आश्रयगृहाच्या शेजारींच कुत्र्यांसाठीं राखलेलें एक उद्यान आहे. न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध ‘सेंट्रल पार्क’ ह्या नांवावर कोटी करून त्याला ‘सेंट्रल बार्क’ असें म्हणतात; ‘बार्क’ म्हणजे भुंकणें. कुंपणाच्या आंत दोरी सोडतां येते. लहान कुत्र्यांना मोठ्यांची भीति वाटूं नये म्हणून त्यांचें आंगण निराळें. आम्ही होतों तेव्हां गवताला विसांवा मिळावा म्हणून बुधवारीं तें बंद ठेवीत. तेथें लोक एकमेकांस नांवांनीं क्वचितच ओळखीत. “ती मॉलीची आई”, “हे रस्टीचे वडील” अशीच ओळख चाले. आपल्या आळींत ‘बाळूची आई’ म्हणतात त्याच चालीवर! फरक एवढाच कीं, आपल्याकडे त्या नांवामागें बाळू असतो.

तेथेंच एका वृद्ध बाईंची आमच्या गृहिणीशीं ओळख झाली. पति वारलेले, दोन्ही मुलगे दोन दूरच्या राज्यांत. त्या एकदां म्हणाल्या, “हा कुत्रा नसता तर मला सकाळीं उठण्याचें कारणच राहिलें नसतें. याला बाहेर न्यावें लागतें, म्हणून मी बाहेर पडतें. आणि एक दिवस दिसलें नाहीं तर इथलीं माणसें माझी चौकशी करतात.” हें ऐकून वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलें. आम्हांलाही त्या नगराच्या प्राणिप्रेमाची दुसरी बाजू तेव्हां दिसली. ज्या घरांत तीन पिढ्या एका छपराखालीं नांदतात तेथें कुत्रा दारीं राहिला तरी चालतो. जेथें घर दोन माणसांचें, आणि पुढें एकाच माणसाचें होतें, तेथें तोच कुत्रा उशापाशीं येतो. त्याचे लाड हें नुसतें श्रीमंतीचें वेड नव्हे. पुष्कळदां ती एका रिकाम्या जागेची भरपाई असते. त्यांस हंसण्यापूर्वीं आपल्या शहरांतल्या बंद दारांआडचे म्हातारे-म्हाताऱ्या आपण आठवाव्या.

प्राण्यांवर एवढें प्रेम आहे म्हणून त्यांना सर्वत्र मोकळीक आहे, असेंही नाहीं. खाणावळींच्या बाहेरच्या आंगणांत कुत्रा नेण्यास राज्याच्या कायद्यानें २०१५ पासून परवानगी आहे. पण त्यानें आंतल्या दालनांतून जातां कामा नये, खुर्चीवर बसतां कामा नये, आणि वाढणाऱ्यानें त्याला हात लावतां कामा नये. शहराच्या कडेस सान ज्वाकीन नांवाचा ३०० एकरांहून मोठा पाणथळ प्रदेश आहे. ओढ्याचें पाणी तेथील तळ्यांतून हळूहळू फिरवून शुद्ध केलें जातें, आणि हजारों पक्षी तेथें उतरतात. त्या ठिकाणीं कुत्र्यांना मज्जाव आहे, कारण तें घर पक्ष्यांचें. टेंकड्यांवरून कायोटी, म्हणजे कोल्ह्यासारखे रानटी प्राणी, रात्रीं वस्तींत उतरतात. म्हणून मांजरें घरांत ठेवावींत व खाणें अंगणांत उघडें ठेवूं नये अशी लोकांस ताकीद असते. रानटी प्राण्यास खाऊं घालणें ही तेथें दया समजत नाहींत; त्याची मनुष्याविषयींची भीति मोडणें म्हणजे त्याचें मरण जवळ आणणें, असें ते मानतात.

ह्या सुव्यवस्थेची किंमतही सांगितली पाहिजे. भाड्याच्या घरांत प्राणी ठेवावयाचा तर पुष्कळ ठिकाणीं दरमहा त्याचें निराळें भाडें द्यावें लागतें. पशुवैद्याचीं देणीं एवढीं कीं, लोक कुत्र्यांचा विमा उतरवितात. गरिबाला हें प्रेम परवडणें कठीण. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी: चार महिन्यांत त्या नगराच्या रस्त्यावर बेवारशी असा एकही कुत्रा आमच्या दृष्टीस पडला नाहीं. धनी नाहीं अशा कुत्र्याला तेथें रस्त्यावर जागाच नाहीं. तो आश्रयगृहांत जातो, आणि त्या विस्तीर्ण देशांतल्या सगळ्याच आश्रयगृहांत सगळ्यांना घर मिळत नाहीं. कांहींना शेवटीं मरणाची सुई टोंचतात. ही संख्या पूर्वीपेक्षां पुष्कळ उतरली आहे, पण ती शून्य नाहीं. स्वच्छ रस्त्याचें कौतुक करतांना हेंही लक्षांत ठेवणें न्यायाचें होईल.

आतां आपल्या घराकडे वळूं. आपल्याकडे कुत्र्याचा वांटा धर्मानेंच काढून ठेविला आहे. वैश्वदेवानंतरच्या बलींत त्याला स्थान आहे, श्राद्धाच्या पंचबलींत आहे. पोळी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवणारे नामदेवराय आपल्याच मुलांना आपण गोष्टींतून दाखवितों. युधिष्ठिरानें कुत्र्यावांचून स्वर्ग नाकारला, हेंही सांगतों. मुंबईंत १८३२ सालीं सरकारी हुकुमानें मोकाट कुत्रीं मारूं लागले तेव्हां पारशी मंडळी रस्त्यावर उतरली, दंगा झाला. आणि त्यानंतर दोनच वर्षांनीं, १८३४ सालीं, सर जमशेटजी जीजीभाई व शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकारानें भुलेश्वराजवळ पांजरापोळ उभा राहिला. रस्त्यावरच्या जिवालाही जगण्याचा हक्क आहे, ही भावना ह्या भूमींत जुनी आहे, आणि आम्हांस ती सोडून द्यावी असें मुळींच वाटत नाहीं.

परंतु आपली दया बहुधा हाताच्या टोंकाशीं संपते. तुकडा टाकला कीं आपलें पुण्य पूर्ण झालें. त्या कुत्र्याला लस टोंचली आहे काय, दर वर्षीं त्याचीं पिलें किती होतात, त्यांतलीं गाडीखालीं किती जातात, तो कोणाला चावला तर काय, हे प्रश्न आपण कोणाचेच समजत नाहीं. त्याचा परिणाम रेबीज. हा रोग एकदां प्रकट झाला म्हणजे त्यावर उपाय जवळ जवळ नाहींच. आणि आपल्या देशांत दर वर्षीं हजारों माणसें, त्यांत मुलें पुष्कळ, ह्यानें दगावतात. अमेरिकेंत वटवाघळें, स्कंक इत्यादि रानटी प्राण्यांत तो अजून आहे. पण कुत्र्यांकडून कुत्र्यांत पसरणारा रेबीज तेथून नाहींसा झाल्याचें २००७ सालीं जाहीर झालें. तें काम परवान्यानें, दोरीनें आणि लशीनें केलें.

कोणी म्हणेल, तो देश श्रीमंत आहे, आपल्याला तें कसें साधावें? त्याला उत्तर आपल्या शेजारींच आहे. गोव्यांत २०१४ पासून ‘मिशन रेबीज’ नांवाच्या संस्थेनें राज्यशासनाच्या साह्यानें गांवोगांव फिरून कुत्र्यांना लस टोंचण्यास आरंभ केला. कुत्रें जाळींत धरावें, लस द्यावी, रंगाची खूण करावी, आणि जेथून धरलें तेथेंच सोडावें, अशी ती साधी रीत. शाळाशाळांतून मुलांना सावधगिरी शिकविली. वस्तींतील शेंकडा ७० कुत्र्यांना लस मिळाली म्हणजे रोगाची सांखळी तुटते, ह्या तत्त्वावर वर्षास सुमारे ९५ हजार कुत्र्यांना लस देण्यापर्यंत मजल गेली. २०१८, २०१९ आणि २०२० ह्या तीन वर्षांत गोव्यांत रेबीजनें एकही मनुष्य मेला नाहीं. २०२१ सालीं तें राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झालें. कुत्रीं मारलीं नाहींत, हद्दपार केलीं नाहींत. त्यांचा भार उचलला. २०२५ च्या ऑगस्टांत दिल्लीच्या कुत्र्यांविषयींचा न्यायालयीन वाद देशभर गाजला तेव्हां एका बाजूस नुसता द्वेष व दुसऱ्या बाजूस नुसता कळवळा असें चित्र पुष्कळांना दिसलें. गोव्याचा मार्ग ह्या दोहोंहून निराळा आहे.

अर्व्हाइनची नक्कल आपल्या पेठांतून व वाड्यांतून होणार नाहीं, आणि ती व्हावी असेंही नाहीं. पण जें कुत्रें आपल्या दारीं जेवतें त्याची गणना घरांत करणें आपल्या हातीं आहे. एक जागा व एक वेळ ठरवून त्याला खाणें घालावें, जिन्यांत वा शाळेच्या वाटेवर घालूं नये, आणि उरलेलें उचलून घ्यावें. आळींतल्या चार कुटुंबांनीं वर्गणी काढून त्याला दर वर्षीं लस टोंचवावी. नगरपालिकेकडून त्याची नसबंदी करून घ्यावी. अशा कुत्र्याच्या कानाला खांच असते, ती मुलांना ओळखावयास शिकवावी. कुत्रा चावला किंवा नुसतें ओरखडलें तरी हळद-चुना लावीत बसूं नये. साबणानें व वाहत्या पाण्यानें जखम १५ मिनिटें धुवावी, आणि त्याच दिवशीं दवाखाना गांठून लशीचे सारे डोस वेळच्या वेळीं पुरे करावे. घरांत चार वडील माणसें असतील तर हीं कामें वांटून घेतां येतात. एकट्या माणसाला जें जड जातें तें एकत्र कुटुंबाला हलकें जातें, आणि हा लाभ त्या नगरापाशीं नाहीं.

बलि जमिनीवर ठेवण्याची रीत आपल्या पूर्वजांनीं घालून दिली. ज्याला तो ठेविला त्याच्या जिवाची व त्याच्यापासून शेजाऱ्याच्या मुलाच्या जिवाची काळजी वाहणें, हा त्या रीतीचाच उत्तरार्ध आहे. तो पुरा केल्यावांचून भूतदया पुरी होत नाहीं.